भौतिकशास्त्राच्या पदवी-अभ्यासक्रमाची भाषा : एक परीक्षण

अभ्यासक्रमाकडे वाचनाचा विषय म्हणून सहसा कोणी पाहत नाही. तो अभ्यासमंडळात संमत होतो, परिपत्रकाने प्रसृत होतो, विभागाच्या फलकावर लागतो आणि परीक्षेच्या आदल्या महिन्यात काय वगळता येईल हे पाहण्यासाठी पुन्हा हाती घेतला जातो. त्याच्यावर वाद झालाच, तर तो कोणता विषय घेतला व कोणता गाळला एवढ्यापुरता असतो. तो कोणत्या प्रकारच्या वाक्यांत लिहिला आहे, किंबहुना त्यात वाक्ये आहेत की नाहीत, हा प्रश्न विचारला जात नाही. वस्तुतः पदवीसाठी विद्यार्थ्याकडून काय अपेक्षित आहे हे सांगणारा अधिकृत लेख म्हणजे अभ्यासक्रमच होय. शिक्षक बदलतो, पाठ्यपुस्तक बदलते; आवश्यकता मात्र या लेखातून ठरते. अपेक्षा सांगण्यासाठी लिहिलेल्या लेखातून ती अपेक्षा कळते किंवा नाही, हा प्रश्न मुळात भाषेचा आहे.

प्रस्तुत परीक्षणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने निवडाधिष्ठित श्रेयांक पद्धतीखाली २०१५ साली प्रसृत केलेला भौतिकशास्त्राच्या ऑनर्स पदवीचा नमुना-अभ्यासक्रम घेतला आहे. अनेक विद्यापीठांना तो आधारभूत झाला, आणि त्यानंतर रचना बदलल्या तरी त्यातील लेखनपद्धती बहुतेक ठिकाणी टिकून राहिली. मूळ लेख इंग्रजीत आहे. येथे त्यातील मजकुराचा आशय मराठीत दिला आहे.

१. आकड्यांनी सांगितलेली आवश्यकता

या नमुन्यानुसार पदवी सहा सत्रांची आणि १४० श्रेयांकांची होती. गाभ्याच्या १४ पत्रिका, प्रत्येकी ६ श्रेयांकांच्या, म्हणजे ८४. मुख्य विषयातील वैकल्पिक ४ पत्रिकांचे २४, इतर विषयांतून घ्यावयाच्या ४ पत्रिकांचे २४, कौशल्यवर्धक २ पत्रिकांचे ४ आणि भाषा व पर्यावरण या अनिवार्य पत्रिकांचे ४. गाभ्यात गणितीय भौतिकीच्या तीन पत्रिका, यामिकी, विद्युत् व चुंबकत्व, तरंग व प्रकाशिकी, ऊष्मीय भौतिकी, अंकीय व सदृश इलेक्ट्रॉनिकी, आधुनिक भौतिकीची मूलतत्त्वे, पुंजयामिकी, घनावस्था भौतिकी, विद्युत् चुंबकीय सिद्धान्त आणि सांख्यिकीय यामिकी यांचा समावेश होता. विषयांची ही निवड समतोल आहे. जगातील बहुतेक चांगल्या विद्यापीठांत पदवीचा गाभा थोड्याफार फरकाने हाच असतो, आणि त्या दृष्टीने या नमुन्यावर आक्षेप घेण्यासारखे फारसे काही नाही.

तथापि श्रेयांक हे वेळेचे माप आहे. आठवड्यास एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रयोग, असा एका श्रेयांकाचा हिशेब असतो. म्हणजे आकडा सांगतो तो किती वेळ द्यावयाचा हे. पत्रिकेचे शीर्षक सांगते तो वेळ कोणत्या विषयास द्यावयाचा हे. त्या वेळात विद्यार्थ्याने काय करावयाचे, हे सांगण्याची जबाबदारी अर्थातच शीर्षकाखालील तपशिलावर येते. परीक्षणास खरा आरंभ तेथे होतो.

२. नामांची यादी

यामिकीची पत्रिका पहिल्या सत्रात येते. तिला ६० व्याख्याने आहेत. त्यांपैकी गतिशास्त्राच्या मूलतत्त्वांना ६, कार्य व ऊर्जा यांना ४, आघातांना ३, परिभ्रमणाच्या गतिशास्त्रास १२, स्थितिस्थापकतेस ३, द्रवांच्या गतीस २, गुरुत्वाकर्षण व केंद्रीय बलाखालील गतीस मिळून ९, आंदोलनांस ७, अजडत्वीय संदर्भ-चौकटींस ४ आणि विशिष्ट सापेक्षता सिद्धान्तास १० अशी वाटणी केलेली आहे. वाटणीतून एक विचार निश्चित दिसतो. सापेक्षतेस पहिल्याच सत्रात दहा व्याख्याने देणे हे धाडसाचे आहे. संदर्भग्रंथांत बर्कली मालिकेचा यामिकीवरील पहिला खंड, क्लेप्नर व कोलेन्कोव यांचा १९७३ सालचा ग्रंथ आणि फाइनमन यांच्या व्याख्यानांचा पहिला खंड दिलेला आहे. त्या परंपरेशी ही वाटणी सुसंगत आहे.

परंतु प्रत्येक घटकाखाली जे लिहिले आहे ते सर्व नामरूप आहे. संदर्भ-चौकटी, जडत्वीय चौकटी, न्यूटनच्या नियमांची उजळणी, बदलत्या वस्तुमानाच्या संहतीचा संवेग, अग्निबाणाची गती, कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचा सिद्धान्त. अर्धविराम व पूर्णविराम आहेत, पण त्यांनी विभागलेली वाक्ये नाहीत. संपूर्ण तात्त्विक भागात समापक क्रियापद जवळजवळ सापडत नाही.

यास्काने निरुक्तात नाम हे सत्त्वप्रधान आणि आख्यात हे भावप्रधान मानले. नामाने वस्तू सिद्ध स्वरूपात पुढे येते, आख्याताने ती घडताना दिसते. भारतीय व्याकरणपरंपरेने पुढे क्रियापदास वाक्याच्या केंद्रस्थानी ठेवले व इतर पदांचा त्याच्याशी असलेला संबंध कारकांनी स्पष्ट केला. विसाव्या शतकात हॅलिडे यांनी इंग्रजी शास्त्रीय गद्याच्या अभ्यासात क्रियेचे नामात रूपांतर करण्याची प्रवृत्ती हे त्या गद्याचे प्रमुख लक्षण असल्याचे दाखविले. ही प्रवृत्ती दोषास्पद नाही. तिच्यावाचून शास्त्रीय विचार पुढे सरकत नाही. 'वस्तू आपला वेग बदलते' या वाक्याचे 'प्रवेग' हे नाम झाल्यावरच त्याचे मापन करता येते. परंतु नामीकरणात काही गळतेही. ज्याने मूळचे वाक्य पूर्वी उच्चारलेले आहे त्याला नामावरून ते पुन्हा उभे करता येते. ज्याने ते उच्चारलेलेच नाही, त्याच्या हाती केवळ नाव उरते.

'कोनीय संवेगाची अक्षय्यता' हे उदाहरण घेता येईल. याचे वाक्य करावयाचे झाल्यास लगेच कारकांची मागणी सुरू होते. काय अक्षय्य राहते? कोनीय संवेग. कोणाचा? अमुक संहतीचा. कशाभोवती? अमुक बिंदूभोवती किंवा अमुक अक्षाभोवती. केव्हा? त्याच बिंदूभोवती बाह्य बलांचे एकूण परिबल शून्य असेल तेव्हा. सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचा कोनीय संवेग सूर्याच्या केंद्राभोवती मोजल्यास अक्षय्य राहतो, अवकाशातील दुसऱ्या कोणत्याही बिंदूभोवती मोजल्यास तो सामान्यतः राहत नाही. भौतिकशास्त्र आहे ते 'कशाभोवती' आणि 'केव्हा' या दोन उत्तरांत. अभ्यासक्रमातील नामपदबंधात ही दोन्ही उत्तरे नाहीत, आणि ती असली पाहिजेत अशी सूचनाही नाही. 'तत्त्व सांगा' या प्रश्नास विद्यार्थी 'कोनीय संवेग अक्षय्य असतो' एवढेच लिहितो, तेव्हा तो अभ्यासक्रमाच्या भाषेशी पूर्ण प्रामाणिक असतो.

३. कंसातील व्याकरण

यादीत क्रियापद नाही, म्हणजे अपेक्षा मुळीच व्यक्त झालेली नाही असे मात्र म्हणता येत नाही. ती काही लहान शब्दांत दडलेली आहे. गणितीय भौतिकीच्या पहिल्या पत्रिकेत टेलर व द्विपद श्रेणींपुढे कंसात 'केवळ विधाने' असे आहे. सातत्य व विकलनीयता यांची 'अंतःप्रेरणेने येणारी' कल्पना हवी आहे. घनावस्था भौतिकीत अतिसंवाहकतेच्या बीसीएस सिद्धान्ताची 'कल्पना' हवी, आणि पुढे कंसात 'सिद्धता नाही'. आधुनिक भौतिकीत ताऱ्यांच्या ऊर्जेस कारण होणाऱ्या संमीलन-प्रक्रियांची चर्चा 'थोडक्यात व गुणात्मक'. कोठे 'उजळणी', कोठे 'परिचय'.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने हेच या लेखातील सर्वांत महत्त्वाचे शब्द होत. मात्र त्यांचे स्वरूप पाहिले, तर ते बहुतांशी निषेधात्मक आहेत. काय करावयाचे नाही हे ते सांगतात. 'सिद्धता नाही' असे एका ठिकाणी म्हटल्यावर इतर सर्व ठिकाणी सिद्धता अपेक्षित आहे असा अर्थ निघतो. परंतु तो अर्थापत्तीने निघतो, विधानाने नव्हे. अग्निबाणाच्या गतीचे समीकरण सिद्ध करावयाचे, की त्यावरून उदाहरण सोडवावयाचे, की इंधन संपेपर्यंत मिळणारा वेग कोणत्या राशींवर अवलंबून असतो हे शब्दांत सांगावयाचे? यादी मौन पाळते. हे मौन परीक्षक सोडवितो. क्रियापद कोठून येते, तर प्रश्नपत्रिकेतून. आणि एकदा तेथून आले की पुढील वर्षांसाठी तेच अभ्यासक्रमाचे क्रियापद होऊन बसते. जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच अभ्यासक्रमापेक्षा अधिक बारकाईने वाचले जातात, त्याचे कारण विद्यार्थ्यांचा आळस हे नसून त्या संचांत पूर्ण वाक्ये असतात हे आहे.

न्यायाने हेही नोंदविले पाहिजे की गणितीय भौतिकीच्या पत्रिकेच्या आरंभी एक स्वच्छ विधान आहे. पत्रिकेचा भर भौतिकशास्त्रज्ञांच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रश्न सोडविण्यावर असावा आणि परीक्षा संपूर्णपणे उदाहरणांवर, पूर्वी पाहिलेल्या व न पाहिलेल्याही, घेतली जावी, असे तेथे म्हटले आहे. तिच्याशी जोडलेल्या संगणकीय प्रयोगशाळेबाबत तर मूल्यमापन आज्ञावली-लेखनाचे न होता प्रश्नाच्या मांडणीचे व्हावे, असे स्पष्ट सांगितले आहे. ही दोन-तीन वाक्ये खालच्या संपूर्ण यादीपेक्षा अधिक बोलकी आहेत. अशी वाक्ये लिहिणे रचनाकारांस अशक्य नव्हते, हेच त्यावरून सिद्ध होते.

४. प्रयोगशाळेतील क्रियापदे

तात्त्विक भागातून प्रयोगांच्या यादीकडे वळताच व्याकरण बदलते. येथे प्रत्येक नोंद क्रियावाचक आहे. सेक्स्टंटने इमारतीची उंची काढणे. फ्लायव्हीलचे निरूढी परिबल काढणे. दंडलंबकाने व केटरच्या लंबकाने गुरुत्वीय प्रवेग काढणे. केशनळीतून द्रव वाहू देऊन त्याची श्यानता काढणे. थेवेनिन व नॉर्टन यांच्या प्रमेयांचा पडताळा घेणे. यादृच्छिक त्रुटींचा अभ्यास करणे. एकाच पत्रिकेच्या दोन भागांत इतका भेद असावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. तत्त्व हे 'असते' आणि प्रयोग हा 'करावयाचा असतो', अशी विभागणी रचनाकारांच्या मनात नकळत वावरते आहे. समीकरण सिद्ध करणे, गृहीतके तपासणे, अंदाज बांधणे याही कृतीच आहेत, हा विचार त्या विभागणीत हरवतो.

शिवाय प्रयोगांतील क्रियापदे ही संख्येने मोजकी आहेत: काढणे, पडताळणे, अभ्यासणे. यांपैकी 'अभ्यासणे' हे क्रियापद असूनही नामासारखेच वागते, कारण त्यास शेवट नाही. उंची काढली की क्रिया संपते. 'अभ्यास केला' हे केव्हा म्हणावयाचे, हे क्रियापदावरून ठरत नाही. 'काढणे' हे त्या मानाने सुस्पष्ट वाटते. परंतु अधिक अडचण त्याच्याच पोटात आहे.

ऊष्मीय भौतिकीच्या प्रयोगांत पहिला प्रयोग कॅलेंडर व बार्न्स यांच्या सततप्रवाह पद्धतीने उष्णतेचा यांत्रिक तुल्यांक काढण्याचा आहे. एकोणिसाव्या शतकात ज्यूल यांनी हा अंक काढला तेव्हा 'काढणे' हे क्रियापद शब्दशः खरे होते. उष्णतेचे एकक पाण्यावरून ठरत होते, कार्याचे एकक बल व अंतर यांवरून. दोहोंचे प्रमाण काय, हे निसर्गाला विचारावे लागत होते. १९४८ साली आंतरराष्ट्रीय वजनमापे परिषदेने ज्यूल हेच उष्णतेचे एकक मानले. त्यानंतर हा तुल्यांक निसर्गातील अज्ञात राशी उरला नाही. तो एककांतील रूपांतराचा अंक झाला. आज तेच उपकरण लावून, तीच निरीक्षणे घेऊन विद्यार्थी वस्तुतः पाण्याची विशिष्ट उष्णता मोजत असतो. शब्द तेच राहिले, क्रिया तीच राहिली, आणि वाक्याचे कर्म बदलले.

हेच पुढे अधिक ठळकपणे घडले. आधुनिक भौतिकीच्या प्रयोगांत निरनिराळ्या रंगांच्या प्रकाश-उत्सर्जक डायोडांवरून प्लांक स्थिरांक काढणे आणि मिलिकन यांच्या तैलबिंदू-उपकरणाने इलेक्ट्रॉनाचा विद्युत् भार काढणे यांचा समावेश आहे. २०१५ साली ही क्रियापदे बरोबर होती. २० मे २०१९ पासून एककांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्लांक स्थिरांक, इलेक्ट्रॉनाचा भार व बोल्ट्समान स्थिरांक यांची मूल्ये व्याख्येनेच निश्चित झाली. इलेक्ट्रॉनाच्या भाराचे १.६०२१७६६३४ हे आकडे आता अचूक आहेत. त्यांत शंकेस जागा ठेवलेली नाही. म्हणून प्रयोगात येणारी तफावत ही त्या स्थिरांकाविषयी काहीच सांगत नाही. ती उपकरणाविषयी, निरीक्षकाविषयी आणि मुख्यतः गृहीतकाविषयी सांगते. डायोड ज्या विभवांतरास प्रकाशू लागतो त्याचा प्रकाशाच्या वारंवारतेशी धरलेला संबंध केवळ स्थूल आहे, ही गोष्ट त्या तफावतीतून शिकावयाची असते. याचा अर्थ प्रयोग निरर्थक झाला असा नाही. उलट तो अधिक विचारप्रवर्तक झाला आहे. परंतु त्याचे क्रियापद आता 'काढणे' हे नसून 'तपासणे' हे आहे, आणि कर्म 'स्थिरांक' हे नसून 'गृहीतक' हे आहे.

अज्ञात राशी काढणे, ज्ञात मूल्याने उपकरण तपासणे आणि सिद्धान्ताचा पडताळा घेणे या तीन भिन्न बौद्धिक कृती आहेत. पहिलीत उत्तर आधी ठाऊक नसते. दुसरीत ते ठाऊक असते आणि तेच साधन असते. तिसरीत उत्तर चुकले तर सिद्धान्त बदलण्याची निदान तात्त्विक शक्यता असते. तिन्हींना एकच क्रियापद दिल्याने विद्यार्थी तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट करतो. पुस्तकातील मूल्य पाहून तो आपली निरीक्षणे त्याच्या जवळ आणतो. या अप्रामाणिकपणाबद्दल त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्यापुढे ठेवलेले वाक्य वाचले पाहिजे.

५. क्रम

क्रम हीही एक वाक्यरचनाच असते. कोणते पद आधी आणि कोणते नंतर, यावर अर्थ अवलंबून असतो. या नमुन्यात मापनातील त्रुटींचा सिद्धान्त, म्हणजे पद्धतशीर व यादृच्छिक त्रुटी, त्रुटींचे संक्रमण, प्रमाण त्रुटी, लघुतम वर्गांची रीत, हा भाग गणितीय भौतिकीच्या दुसऱ्या पत्रिकेत, म्हणजे तिसऱ्या सत्रात येतो. संगणकीय त्रुटींचा भाग पहिल्या सत्रात आहे हे खरे; परंतु आकडेमोडीत होणारी त्रुटी आणि मोजपट्टीवर होणारी त्रुटी या दोन गोष्टी भिन्न आहेत. यामिकी, विद्युत् व चुंबकत्व, तरंग व प्रकाशिकी यांचे प्रयोग त्यापूर्वीच आटोपलेले असतात.

पहिल्या सत्रातील श्यानतेचा प्रयोग घेतला तर या क्रमाची किंमत कळते. प्वाझय यांच्या समीकरणानुसार केशनळीतून एका सेकंदात वाहणाऱ्या द्रवाचे घनफळ नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. म्हणून त्रिज्या मोजण्यात एक टक्का चूक झाली, तर श्यानतेत सुमारे चार टक्के चूक होते. या प्रयोगाचा सारा जीव या एका वाक्यात आहे. कोणते मापन जपून करावयाचे व कोणते सैल चालेल, हे त्यावरून ठरते. परंतु तात्त्विक यादीत 'प्वाझय यांचे समीकरण' हे नाम आहे, प्रयोगांच्या यादीत 'श्यानता काढणे' आहे, आणि त्या दोहोंना जोडणारे 'त्रुटींचे संक्रमण' हे नाम वर्षभरानंतरच्या दुसऱ्याच पत्रिकेत आहे. तिन्ही पदे अभ्यासक्रमात उपस्थित आहेत. वाक्य मात्र कोठेच तयार झालेले नाही.

६. निष्पत्तींची क्रियापदे

यावर असे म्हणता येईल की हा दोष पुढे दूर करण्यात आला. आयोगाने निष्पत्ति-आधारित अभ्यासक्रमाची चौकट पुढे आणल्यापासून प्रत्येक पत्रिकेच्या आरंभी 'या पत्रिकेअंती विद्यार्थी अमुक करू शकेल' अशी विधाने येऊ लागली. या पद्धतीचे मूळ ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९५६ सालच्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणात आहे. २००१ साली त्या वर्गीकरणाची सुधारणा झाली तेव्हा त्यातील वर्गांची नावे नामांवरून क्रियापदांवर नेण्यात आली: ज्ञानाऐवजी 'आठवणे', आकलनाऐवजी 'समजणे'. क्रियापदाची उणीव शिक्षणशास्त्रज्ञांच्याही लक्षात आली होती, हे यावरून दिसते.

परंतु उपाय करताना क्रियापदे वर ठेवली गेली आणि नामांची यादी खाली होती तशीच राहिली. वर 'समजून घेईल, उपयोजन करील, विश्लेषण करील' ही क्रियापदे. खाली 'संदर्भ-चौकटी, अग्निबाणाची गती, केंद्रीय बल' ही नामे. कोणते क्रियापद कोणत्या नामास लावावयाचे हे सांगितलेले नसते. हीच क्रियापदे वनस्पतिशास्त्राच्या वा वाणिज्याच्या पत्रिकेवरही दिसतात, कारण ती भौतिकशास्त्रातून आलेली नसून तक्त्यातून आलेली असतात. भौतिकशास्त्राची स्वतःची क्रियापदे वेगळी आहेत: गृहीत धरणे, उपेक्षणीय मानणे, अंदाज बांधणे, मिती जुळविणे, सीमा घेऊन पाहणे, सममितीवरून निष्कर्ष काढणे. या तक्त्यांत त्यांना स्थान नाही.

दरम्यान मुख्य विषयाचे क्षेत्र आकसत आहे. २०१५ च्या नमुन्यात गाभा व मुख्य विषयातील वैकल्पिक पत्रिका मिळून १४० पैकी १०८ श्रेयांक भौतिकशास्त्राचे होते. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० पैकी ६०, आणि चार वर्षांच्या पदवीस १६० पैकी ८० श्रेयांक मुख्य विषयास आहेत. महाराष्ट्राने २०२३ साली स्वीकारलेल्या रचनेत एकूण श्रेयांक तीन वर्षांस १२० ते १३२ असले, तरी मुख्य विषयाचे प्रमाण घटल्याचे वास्तव बदलत नाही. या बदलाच्या इष्टानिष्टतेचा विचार येथे कर्तव्य नाही. परंतु वेळ कमी झाल्यावर अभ्यासमंडळांपुढे दोन मार्ग राहतात. यादीतील काही नामे गाळणे हा एक, आणि प्रत्येक नामाशी काय करावयाचे हे ठरवून यादी नव्याने लिहिणे हा दुसरा. पहिला मार्ग सोपा आहे, म्हणून तोच चोखाळला जाण्याची भीती अधिक.

७. हानी कोणाची

अभ्यासक्रम ही केवळ सीमारेषा आहे, तो संक्षिप्तच असावा, म्हणजे शिक्षकास स्वातंत्र्य राहते, असा एक युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. समर्थ शिक्षक नामांच्या यादीतून स्वतःची वाक्ये उभी करतो, आणि क्रियापदांनी जखडलेला अभ्यासक्रम त्यास जाचक वाटेल. परंतु संक्षेपामुळे मोकळी राहिलेली जागा शिक्षकाच्या हाती पडते की परीक्षकाच्या, हे पाहिले पाहिजे. तिसऱ्या विभागात दाखविल्याप्रमाणे ती बहुधा परीक्षकाच्या हाती पडते.

शिवाय मौन सर्वांना सारखे बाधत नाही. जेथे ग्रंथालय संपन्न आहे, विभागात संशोधन चालते, वरच्या वर्गांतील विद्यार्थी खालच्यांना सांगतात, तेथे यादीचा अर्थ परंपरेने कळतो. क्लेप्नर व कोलेन्कोव यांतील उदाहरणे सोडविणे हीच यामिकीची खरी आवश्यकता आहे, हे तेथे कोणी लिहून द्यावे लागत नाही. जेथे ही परंपरा नाही, तेथे अर्थ सांगण्याचे काम गाइडांकडे जाते.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची स्थिती याहून बिकट होते. बल, कार्य, संवेग, अक्षय्यता हे शब्द तो शाळेत वाक्यांतून शिकलेला असतो. 'बाह्य बल कार्यरत नसेल तर एकूण संवेग अक्षय्य राहतो' या वाक्यात अट आणि निष्कर्ष दोन्ही त्याच्या भाषेत आलेले असतात. पदवीच्या वर्गात तीच संकल्पना त्यास इंग्रजी नामपदबंधाच्या रूपाने भेटते. शब्द पाठ होतो. जुन्या वाक्याशी त्याचा सांधा जुळवून देणारे कोणी नसते. नव्या चौकटीत भाषांसाठी ८ श्रेयांक आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु ते स्वतंत्र भाषापत्रिकांचे आहेत, आणि भौतिकशास्त्राची वाक्ये करणे हा त्या पत्रिकांचा विषय नाही.

येथे मराठी परिभाषेच्या कार्यासही आत्मपरीक्षण करावे लागेल. १९६० साली महाराष्ट्रात भाषा संचालनालय आणि १९६१ साली केंद्रात वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला. त्यांनी सिद्ध केलेल्या कोशांनी शास्त्रीय मराठीचा पाया घातला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु ते कोशही मुख्यतः नामांचेच आहेत. 'यामिकी' की 'यांत्रिकी', 'श्यानता' की 'विष्यंदिता' यावर वाद झाले. 'उपेक्षणीय मानणे' आणि 'शून्य धरणे' यांत काय भेद आहे, याची चर्चा झाली नाही. अभ्यासक्रमात जी उणीव आहे तीच परिभाषेतही आहे, आणि ती एकाच दृष्टीतून आलेली आहे. ज्ञान म्हणजे नावांचा संग्रह, ही ती दृष्टी होय.

८. समारोप

या परीक्षणातून निघणारी सूचना मर्यादित आहे. संपूर्ण अभ्यासक्रम वाक्यांत लिहावा असे येथे सुचवावयाचे नाही. प्रत्येक घटकास एक किंवा दोन अशी वाक्ये जोडावीत, की ज्यांतील क्रियापद भौतिकशास्त्राचे असेल आणि ज्यांतून अट वगळलेली नसेल. 'द्रवांची गती : प्वाझय यांचे समीकरण' या नोंदीऐवजी असे लिहिता येईल: केशनळीतील प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो हे सिद्ध करणे, त्यावरून कोणते मापन सर्वांत काळजीपूर्वक करावयाचे ते ठरवणे, आणि प्रवाह संथ राहिला नाही तर हे समीकरण का लागू पडत नाही ते सांगणे. ही नोंद मूळ नोंदीपेक्षा दोन ओळींनी मोठी आहे. परंतु तीत तत्त्व, प्रयोग व त्रुटी यांची गाठ पडते आणि परीक्षकास मनमानी करण्यास वाव उरत नाही.

प्रयोगांच्या यादीत तर याहूनही थोडे करावे लागेल. प्रत्येक नोंदीपुढे काढावयाचे, तपासावयाचे की पडताळावयाचे, एवढे विचारपूर्वक ठरविले तरी पुरे. हे ठरविताना अभ्यासमंडळाने ती नोंद एकदा मराठीत लिहून पाहावी. 'कल्पना' या शब्दाने 'तोंडओळख' अभिप्रेत आहे की 'आकलन', आणि 'काढणे' यात काय काढले जाते, हे प्रश्न भाषांतर करू लागताच समोर उभे राहतात. अनुवाद हा येथे केवळ सोयीचा भाग नसून तपासणीचे साधन ठरतो.

नव्या श्रेयांक-रचनेमुळे विद्यापीठांतील अभ्यासमंडळांना भौतिकशास्त्राच्या पत्रिका पुन्हा लिहाव्या लागत आहेत. त्यांच्यापुढील चर्चा कोणते प्रकरण ठेवावे व कोणते काढावे यातच संपली, तर पदवीच्या आवश्यकता पूर्वीप्रमाणेच तासांत मोजल्या जातील आणि नावांत सांगितल्या जातील. विद्यार्थ्याने काय करावे, हे त्याला पुन्हा एकदा प्रश्नपत्रिकेवरूनच ओळखावे लागेल.